न ऐकलेल्या लेखकांची मराठी पुस्तकं कशी शोधायची?

माझ्या कपाटात शंभराच्या वर पुस्तकं होती आणि लेखक मोजून नऊ. हे लक्षात आलं ते बदलीच्या वेळी, खोकी भरताना. दुकानात शिरलं की दर्शनी टेबलावर जे मांडलेलं असेल ते मी उचलायचे, भेट म्हणून आलेली पुस्तकंही तीच असायची. "मराठीत तेच ते लिहितात" असं मी तेव्हा ठामपणे म्हणत असे.

बदली झाली ती एका तालुक्याच्या गावी. तिथे करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं म्हणून सार्वजनिक वाचनालयात नाव घातलं. कथांच्या कपाटात एक सव्वाशे पानांचं पुस्तक हाती लागलं. मुखपृष्ठ उडालेलं, वर खाकी कागदाचं कव्हर, मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९१ सालचा. म्हणजे मी हातात घेईपर्यंत वीसेक वर्षं ते कुणी घरी नेलंच नव्हतं. त्या रात्री मी ते संपवूनच झोपले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना विचारलं, "यांचं आणखी काही आहे का?" ते म्हणाले, "मॅडम, हे आपल्या शेजारच्याच गावचे. प्राथमिक शाळेत गुरुजी होते. दुसरं पुस्तक काही निघालं नाही त्यांचं."

तिथून माझा शोध सुरू झाला. पहिली दोन-तीन वर्षं मी फार वेळ आणि पैसे वाया घालवले, कारण कुठे विचारायचं हेच माहीत नव्हतं. तो त्रास तुम्हाला होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. कमी ऐकलेलं पुस्तक कमी प्रतीचं असतं, हा समज मनातून काढून टाका. मराठीत बऱ्याच चांगल्या पुस्तकांच्या पाचशे-हजार प्रती निघतात, त्यातल्या निम्म्या लेखकाच्या घरी पडून राहतात आणि पुस्तक जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. अडचण वितरणाची आहे. म्हणून शोधही पुस्तक जिथे अडकतं तिथे जाऊन करावा लागतो.

हाताशी काय हवं

- जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व. त्यासाठी आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल, दोन फोटो आणि अनामत रक्कम लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात. माझी अनामत ३०० रुपये होती, वाचनालय सोडताना ती परत मिळाली. पावती जपून ठेवा.
- एक वही. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण नोंद एकाच जागी हवी.
- महिन्याला ठरावीक रक्कम. २०० रुपयेही पुरतात, मात्र ती वेगळी काढलेली असावी.

१. आधी एक प्रकार आणि एक मुलूख निवडा

"काहीतरी वेगळं वाचायचंय" असं म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार पुन्हा खपाचंच पुस्तक पुढे करील, आणि त्यात त्याची काही चूक नाही. प्रश्न नेमका हवा. "खानदेशातल्या कुणाच्या कथा आहेत का?", "झाडीपट्टीतलं काही आहे का?", "मराठीत चांगल्या विज्ञानकथा अलीकडे कुणी लिहिल्यात?" असं विचारलंत की समोरचा माणूस विचारात पडतो आणि आतल्या कपाटाकडे वळतो.

मुलूख निवडण्याचं कारण असं की मराठी एकसारखी नाही. मालवणी, अहिराणी, झाडीबोली, वऱ्हाडी यांतलं लेखन त्या त्या भागात वाचलं जातं, तिथेच त्याची प्रकाशनं होतात, तिथेच संमेलनं भरतात. एका भागाची चार पुस्तकं लागोपाठ वाचलीत की बोलीचा कान तयार होतो. पहिल्या पुस्तकाला चाळीस पानं अडखळायला होतं. ती चाळीस पानं नेटाने पार करा.

२. वाचनालयात मुक्तद्वार पद्धत आहे का ते विचारा

मुक्तद्वार म्हणजे सभासदाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडायचं. काही वाचनालयांत अजून चिठ्ठीवर नाव लिहून द्यावं लागतं आणि कर्मचारी पुस्तक आणून देतो. ज्याचं नावच माहीत नाही ते पुस्तक चिठ्ठीवर कसं लिहिणार? तशी पद्धत असेल तर ग्रंथपालांची परवानगी काढा. दुपारी गर्दी नसते, तेव्हा विनंती केलीत तर सहसा आत सोडतात.

आत गेल्यावर कपाटांचे क्रमांक बघा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची जी ड्यूई पद्धत आहे, तीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. त्यापुढे १ आला की कविता, २ म्हणजे नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध. बहुतेक सभासद ८९१.४६३ च्या पुढे जात नाहीत. तुम्ही ८९१.४६२ ला जरूर थांबा. छापील नाटकं कुणी नेत नाही आणि एकांकिकांचे फार सुंदर संग्रह तिथे पडून असतात. चरित्रं ९२० च्या आसपास मिळतील, तिथे कुणा सहकारी कार्यकर्त्याचं, कुणा तमाशा कलावंताचं, कुणा परिचारिकेचं आत्मकथन सापडेल.

दाखल नोंदवही बघायला मिळाली तर सोडू नका. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आलेल्या तारखेनुसार त्यात असतं. जिल्ह्यातल्या लेखकाने स्वतः दिलेल्या प्रतीसमोर "भेट" अशी नोंद असते. मी एका दुपारी फक्त "भेट" च्या नोंदी उतरवून घेतल्या आणि मला सतरा स्थानिक लेखकांची नावं मिळाली. त्यातल्या पाचांचं लिखाण मला मनापासून आवडलं. हे प्रमाण कमी वाटेल, पण मला ते भरघोस वाटलं.

आपल्याकडे जुनी वाचनालयं मुबलक आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गोव्यात असाल तर पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभाग आहे. अशा ठिकाणी एक अख्खा दिवस काढा.

३. पुस्तक हातात घेतल्यावर काय बघायचं

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त शिकले, म्हणून जरा थांबून सांगते.

मलपृष्ठावरची पाठराखण शेवटी वाचा. ती बहुधा ओळखीच्या मान्यवराने लिहिलेली असते आणि पुस्तकात नसलेलंही त्यात असतं. आधी उघडा ते श्रेयनामावलीचं पान. प्रकाशकाचं गाव बघा. पुणे-मुंबईऐवजी श्रीरामपूर, शेगाव, सातारा असं काही असेल तर ते पुस्तक तुमच्या नजरेतून आजवर का निसटलं हे तिथेच कळतं. मग आवृत्ती बघा. पहिली आवृत्ती वीस वर्षांपूर्वीची आणि दुसरी निघालेलीच नाही, असं असेल तर ते पुस्तक आज वाचलं नाही तर पुढे मिळेलच असं नाही. काही पुस्तकांत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून साहाय्य मिळाल्याची ओळ असते. म्हणजे लेखकाचं हे पहिलं पुस्तक आणि त्याचं हस्तलिखित कुणीतरी तपासून पसंत केलेलं. मला ही ओळ दिसली की मी पुस्तक खाली ठेवत नाही.

त्यानंतर ऋणनिर्देश. यात लेखक आपल्या मित्रांची, संपादकांची, ज्या अंकांत कथा आधी छापून आल्या त्यांची नावं देतो. ही नावं वहीत उतरवा. एका लेखकाच्या ऋणनिर्देशातून मला दुसरा सापडला, त्याच्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून तिसरी कवयित्री. अखेरच्या पानांवर त्या प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी असते, तिचाही फोटो काढून ठेवा.

आता मधलं एखादं पान उघडा. पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. साठाव्या पानावर माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघा. दोन पानं वाचून तिसरं उलटावंसं वाटलं तर घरी न्या.

४. पुरस्कारांच्या याद्या वाचा, पण योग्य रकाना बघा

मोठे पुरस्कार मिळेपर्यंत लेखक बहुधा प्रसिद्ध झालेला असतो. तुमच्या कामाच्या याद्या दोन आहेत.

पहिली राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची. तीत "प्रथम प्रकाशन" असा वेगळा विभाग असतो. काव्यासाठी बहिणाबाई चौधरी, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या नावाचे पुरस्कार पहिल्याच पुस्तकाला मिळतात. वर्तमानपत्रात ही यादी बारीक टाइपात येते. कापून ठेवा. त्याच यादीत शेती, विज्ञान, पर्यावरण, इतिहास असे विभागही असतात. कथा-कादंबरीपलीकडचं वाचायचं असेल तर इथूनच सुरुवात करा.

दुसरी साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची. २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना तो दिला जातो. २०१८ साली 'फेसाटी' या कादंबरीसाठी तो नवनाथ गोरे यांना मिळाला. जत तालुक्यातल्या दुष्काळी गावातून आलेला हा लेखक तोवर पुण्या-मुंबईच्या वाचकांना जवळपास ठाऊक नव्हता. २०२४ साली तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत शिवणकाम करणाऱ्या घराची होणारी परवड त्यात आहे आणि लेखकाने स्वतः शिलाई मशीन चालवलेलं आहे. या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचून बघा, म्हणजे मी एवढ्या आग्रहाने का सांगते आहे ते कळेल.

५. दिवाळी अंकांतून लेखक टिपा

१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नवा लेखक बहुधा आधी अंकात भेटतो आणि पुस्तकात नंतर. वाचनालयं दिवाळीत अंकांची वेगळी योजना काढतात. थोडी जादा वर्गणी भरली की दोन-तीन महिन्यांत तीस-चाळीस अंक वाचून होतात. मी अनुक्रमणिका उघडते, माहितीची नावं सोडून देते आणि अनोळखी नावांवर खूण करते. आवडलेल्या प्रत्येक नावापुढे वहीत अंक आणि वर्ष लिहिते. हेच नाव पुढच्या दिवाळीत पुन्हा भेटलं की पुस्तकाची चौकशी सुरू.

रहस्य, गूढ, विज्ञान अशा कथा हव्या असतील तर 'नवल' आणि 'धनंजय'चे जुने अंक रद्दीवाल्याकडे शोधा. या प्रकारांना समीक्षकांनी फारसं जवळ केलं नाही, त्यामुळे त्यातले कितीतरी चांगले कथाकार पुस्तकरूपात आलेच नाहीत. अंक हेच त्यांचं घर आहे.

वर्षभरासाठी एखादं वाङ्मयीन नियतकालिक लावा. नव्या पुस्तकांची खबर 'ललित'मध्ये मिळते, 'साधना'त परीक्षणं येतात. दलित लेखनाचा माग काढायचा तर गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श'चे जुने अंक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बघा. कवितेसाठी धुळ्याहून निघणारं 'कवितारती' आहे.

६. चित्रपट-नाटकाची श्रेयनामावली थांबून वाचा

ही वाट फारशी कुणी वापरत नाही. २००९ चा 'जोगवा' किती जणांनी पाहिला! त्याच्या कथेला राजन गवस यांच्या दोन कादंबऱ्यांबरोबर चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेचा आधार आहे. चारुता सागर हे सांगली जिल्ह्यातल्या दिनकर भोसले यांचं टोपणनाव. चित्रपट पाहून रडलेल्या माझ्या मैत्रिणींपैकी एकीनेही हे नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या कथा मिळवा. ग्रामीण कथा म्हटल्यावर जे ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं ते पहिल्या दहा पानांत पुसलं जाईल.

७. प्रकाशकाला थेट फोन करा

दुकानात "संपलंय" म्हणाले म्हणजे पुस्तक संपलंच असं धरू नका. बऱ्याचदा त्या दुकानाने ते कधी मागवलेलंच नसतं. श्रेयनामावलीच्या पानावर प्रकाशकाचा नंबर असतो. फोन करून लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि वर्ष सांगा. छोट्या प्रकाशनांत फोन मालक स्वतःच उचलतात, यूपीआयने पैसे घेतात आणि चार-आठ दिवसांत टपालाने पुस्तक पाठवतात. एकाच प्रकाशकाची तीन-चार पुस्तकं एकदम मागवा, टपालखर्च वाचतो आणि सवलतही मिळते.

प्रकाशकाकडे नसेल तर लेखकाकडे असतं. हे विचारायला संकोच करू नका.

८. प्रदर्शनात मागच्या रांगेतून सुरुवात करा

अखिल भारतीय साहित्य संमेलनात ग्रंथप्रदर्शन असतं. तिथे मोठ्या प्रकाशकांचे गाळे दाराशी असतात. ते तुम्हाला शहरात वर्षभर मिळतात, म्हणून आधी आतल्या रांगांत जा. तिथे दूरच्या जिल्ह्यांतून आलेले लोक दोन टेबलं मांडून बसलेले असतात आणि पुस्तकाबद्दल भरभरून बोलतात. २०२४ साली अमळनेरला अखिल भारतीय आणि त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही अशी दोन्ही संमेलनं एकाच वेळी भरली होती. विद्रोहीत जी पुस्तकं मिळतात त्यातली बरीच दुसरीकडे दिसत नाहीत.

जमलं तर पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांमध्ये वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडली आहेत, एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात बालसाहित्य. पुस्तकं विकत मिळत नाहीत, बसून वाचायची. प्रत्येक घरात तासभर बसून फक्त अनोळखी नावं चाळा. कुठला प्रकार आपल्याला ओढतो हे ठरवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

९. कुठेच न मिळणारं पुस्तक

जुनं असेल तर आधी ते खरोखर निघालं होतं का ते दाते सूचीत बघा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची केली आहे. मोठ्या ग्रंथालयांत ती संदर्भ विभागात असते. नुसती चाळलीत तरी पाकशास्त्रापासून प्रवासवर्णनापर्यंत, कधी न ऐकलेल्या लेखिका सापडतील.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. त्यातलं एक मुंबईत, एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. सगळे प्रकाशक प्रत पाठवतातच असं नाही, तरी शेवटचा दरवाजा म्हणून तिथे विचारा. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर वाचता येतात, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची ई-पुस्तकं विनामूल्य देतं.

महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात असाल तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानशी जोडलेल्या "ग्रंथ तुमच्या दारी" उपक्रमाची चौकशी करा. पंचवीस पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. पेटीत काय येईल ते आपल्या हातात नसतं, आणि अनोळखी लेखक वाचायला तेच बरं पडतं.

१०. जिथे मी फसले

"दुर्मीळ" शब्दाला भुलू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी छापील किमतीच्या सहापट पैसे देऊन एक कथासंग्रह मागवला. आली ती झेरॉक्स, तीही चार पानं गायब असलेली. पैसे देण्याआधी श्रेयनामावलीच्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा. नकार आला तर व्यवहार सोडा.

केवळ ग्रंथालयांना पुरवण्यासाठी काढलेली पुस्तकंही असतात. टाइप ढोबळ, समास मोठे, पानं कमी, किंमत भरपूर. मजकूर इकडून तिकडून गोळा केलेला. संतांची आणि थोर पुरुषांची चरित्रं या प्रकारात जास्त दिसतात.

पीडीएफ फिरवू नका. ज्याच्या तीनशे प्रती खपायला पाच वर्षं लागतात त्या लेखकाचं पुस्तक गटावर फुकट टाकलं की दुसरी आवृत्ती निघायची शक्यता तिथेच संपते.

आणि एका महिन्यात दहा अनोळखी लेखक आणू नका. मी आणले होते. सातांची पहिली प्रकरणं वाचून झाली आणि सगळेच सारखे वाटायला लागले. महिन्याला दोन पुरे, सोबत एखादं ओळखीचं पुस्तक ठेवा.

११. वाचून झाल्यावर लेखकाला कळवा

वहीत प्रत्येक पुस्तकापुढे चार ओळी लिहा. कुठे सापडलं, कुणामुळे, काय आवडलं, पुढे कुणाकडे जायचं. मग लेखकाला फोन किंवा पत्र. कादंबरीकाराला रोज फोन येत असतील असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं.

तालुक्याच्या त्या वाचनालयात सापडलेल्या गुरुजींचा पत्ता मी ग्रंथपालांकडून घेतला आणि दोन पानांचं पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. गुरुजींना आता ऐकू कमी येतं, पण पत्र त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. "एक वही आहे त्यांची, छापलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही येऊन बघाल का?" पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने मी गेले. वहीत अकरा कथा होत्या, शाईने लिहिलेल्या, प्रत्येकीखाली तारीख. सध्या त्या मी टाइप करून काढते आहे. सहा झाल्या आहेत.